काय निघालं, ते कळवा

नमस्कार मंडळी. माझ्या हातातली ही पोलादी काडी मागच्या रांगेतून दिसणार नाही, म्हणून तिचं वर्णन करते. करंगळीपेक्षा लहान, गुळगुळीत, दोन्ही टोकं सपाट. कोहलर कंपनीच्या जुन्या एक-सिलिंडर इंजिनात ही ब्लॉकमधल्या एका भोकात बसते. आतून कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरणारा उंचवट्याचा दांडा, तिला ढकलतो, बाहेरच्या टोकाने ती इग्निशनचे पॉइंट, म्हणजे ठिणगीच्या विजेचा छोटा खटका, उघडते, आणि पॉइंट उघडले की प्लगला ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३६०० फेरे घेत असेल, तर ही काडी मिनिटाला १८०० वेळा पुढेमागे होते. या काडीने मला एक संपूर्ण उन्हाळा झुंजवलं, आणि तिच्यामुळेच मी जुने गार्डन ट्रॅक्टर दुरुस्त करण्याच्या या छंदातल्या माणसांपर्यंत पोहोचले.

बाहेर पार्किंगमध्ये पिवळा-पांढरा छोटा ट्रॅक्टर उभा आहे, येताना तुम्ही पाहिला असेल. तो इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट, या नावाचं पहिलंच मॉडेल, केंटकीतल्या लुइव्हिलच्या कारखान्यात तयार झालेलं. सात हॉर्सपॉवरचं कोहलर इंजिन. आकाराने खेळणं वाटतो, पण गिअरबॉक्सची घडण फारमॉल कब या खऱ्या शेतीच्या ट्रॅक्टरवरून आलेली आहे. गवत कापायच्या आजच्या बसक्या यंत्रांपेक्षा गार्डन ट्रॅक्टर वेगळा असतो, तो इथे. त्याची चौकट जाड लोखंडाची असते आणि मागे नांगर लावला तर तो जमिनीत रुततो, ओढतो. उन्हाळ्यात गवत, वसंतात नांगर नाहीतर टिलर, हिवाळ्यात पुढे बर्फ ढकलायचं पातं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर घरं झाली, घरांभोवती अर्धा एकर, एकर जमीन आली. घोडा ठेवण्याइतकी ती मोठी नव्हती आणि हाताने सांभाळण्याइतकी लहानही नव्हती. त्या मधल्या मापासाठी ही यंत्रं निघाली. इंडियानातल्या साउथ बेंडला सेसिल पाँड यांनी १९४६ मध्ये जो उद्योग उभा केला, त्यातून व्हील हॉर्स आला. १९६३ मध्ये जॉन डिअरने विस्कॉन्सिनमधल्या हॉरिकनच्या कारखान्यातून ११० हे मॉडेल बाजारात आणलं. बोलेन्स आणि सिम्प्लिसिटी हे दोघंही विस्कॉन्सिनच्याच पोर्ट वॉशिंग्टनचे. एकाच गावात दोन!

यातल्या बहुतेक कंपन्यांचे मालक पुढे बदलले. व्हील हॉर्स १९७४ मध्ये अमेरिकन मोटर्सकडे गेली, १९८६ मध्ये टोरो कंपनीकडे. कब कॅडेटचा धंदा १९८१ मध्ये एमटीडी या कंपनीने घेतला. कारखाना विकला जातो तेव्हा साचे जातात, नाव जातं, कागद जातात. पण कोणता बोल्ट कोणत्या क्रमाने सोडवायचा, हे ज्यांच्या हातांना ठाऊक असतं, ती माणसं निवृत्त होऊन घरी बसतात. आम्ही त्यांना शोधत असतो.

आता माझा ट्रॅक्टर. एका शेतावरच्या कोठारात तो गवताच्या गठ्ठ्यांमागे कित्येक वर्षं पडून होता. इंजिन जाम. फ्लायव्हील हाताने तसूभर हलेना. अशा वेळी घाई करायची नसते, हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं आणि ते मी मनापासून पाळलं. प्लग काढला, त्या भोकातून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडलं आणि रोज संध्याकाळी फ्लायव्हीलला दोन्ही बाजूंनी हलका हिसका देत राहिले. नवव्या दिवशी ते केसभर हललं. तो क्षण मी अजून विसरलेले नाही.

गंजाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण यातलं शिक्षण मला फार आवडलं. वायर ब्रशने खरडून गंज निघतो, पण त्यासोबत धातूही निघतो आणि खाचाकोपऱ्यांतला गंज तसाच राहतो. विजेने काढलेला गंज निराळा. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी घ्यायचं, त्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला जोडायची आणि धन तार एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. तासाभरात भागाभोवती फेस येतो. दुसऱ्या दिवशी भाग बाहेर काढला की गंजाचा काळा गाळ ओल्या फडक्याने पुसला जातो, आणि खाली कारखान्यातल्या ओतकामाचे आकडेसुद्धा स्पष्ट दिसतात. शाबूत धातू जिथल्या तिथे राहतो, एवढी ही पद्धत सौम्य. मात्र दोन गोष्टी कधीच विसरू नका. यात हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर करायचं, ठिणगीपासून लांब, आणि तारांना हात लावण्याआधी चार्जर बंद करायचा. आणि धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही नाही. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. मला हे सांगणाऱ्या बाईंनी आधी धोका सांगितला आणि मग कृती सांगितली. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि जुन्या ब्रेक-क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस, म्हणून कोरडं घासायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

जाम झालेल्या बोल्टची युक्ती एका लोहाराची. बोल्टभोवतीचा भाग तापवायचा आणि मेणबत्ती टेकवायची. वितळलेलं मेण आट्यांमध्ये खेचलं जातं, आणि जो बोल्ट पान्याखाली तुटला असता तो कुरकुरत सुटतो. पेट्रोलची टाकी आधी काढून लांब ठेवा, एवढं पथ्य.

असं करत करत शरद ऋतूत इंजिन पुन्हा जुळवलं, आणि चालू झालं! स्टार्टर आणि जनरेटर या ट्रॅक्टरवर एकच असतो. पट्ट्याने जोडलेला तोच एक डबा आधी इंजिन फिरवतो आणि मग इंजिनाकडून फिरून बॅटरी भरतो. मी बटण दाबलं, पट्टा ताणला गेला, दोन फेरे, आणि ठक-ठक-ठक. दहा मिनिटं चाललं. मग अडखळायला लागलं आणि बंद पडलं.

पॉइंटचं झाकण उघडलं तर आत तेल. पुसलं, फिलर गेज या पातळ मापपट्टीने ०.०२० इंचाची गॅप पुन्हा लावली, इंजिन सुरू. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. नवे पॉइंट घातले, मग ठिणगीच्याच जोडणीतला कंडेन्सर बदलला, मग कॉइल. त्यानंतर मला वाटलं की ही काडी आणि तिचं भोक झिजलंय, म्हणून काडी नवी घातली. हिवाळा संपला, उन्हाळा आला तरी तेल येतच होतं. आता भोक मोठं करून त्यात बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, बसवायला ब्लॉक लेथवाल्याकडे न्यायचा, असं मी ठरवलंच होतं.

तेवढ्यात एका ओळखीच्या माणसाने एक फोन नंबर दिला. पलीकडे इंजिनांच्या कामात आयुष्य घालवलेले एक वृद्ध गृहस्थ होते. मी पंधरा मिनिटं बोलत होते, त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग तीन प्रश्न विचारले. "तेल फक्त पॉइंटकडेच येतं की शाफ्टच्या सीलपाशीही ओल दिसते?" सीलपाशीही दिसत होती, पण मी ती महत्त्वाची धरली नव्हती. "इंजिन उघडण्याआधी असं होत होतं का?" ते मला माहीत असणंच शक्य नव्हतं. "ब्रीदर तुम्ही उघडला होता?"

हो. व्हॉल्व्हच्या झाकणामागे तो असतो, आणि मी तो धुऊन पुन्हा बसवला होता.

त्यांनी समजावलं ते असं. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखालच्या पेटीतली हवा दाबली जाते. ब्रीदरमध्ये पातळ पात्याची एक झडप असते, ती हवेला बाहेर जाऊ देते. पिस्टन वर जाताना पातं मिटतं आणि बाहेरची हवा आत येत नाही. त्यामुळे पेटीत कायम किंचित निर्वात राहतो, आणि तेल बाहेर न ढकललं जाता आतच ओढलेलं राहतं. गॅस्केट, जाळी, पातं यांचा क्रम चुकला की दाब आतच साठतो, आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. काडीचं भोक ही त्यातली सगळ्यात सोपी फट. "भोकाला हात लावू नका," ते म्हणाले. "आधी ब्रीदर उघडून बघा. आणि काय निघालं, ते कळवा."

पातं चुकीच्या बाजूला बसवलेलं निघालं. मीच बसवलेलं. वीस मिनिटांत ते सरळ केलं, आणि त्या दिवशी ट्रॅक्टर दीड तास चालला. पॉइंट कोरडे ठणठणीत. आनंदात मी नांगर शोधायला लागले, आणि फोन करायचा राहून गेला.

इंडियानात पोर्टलंड म्हणून गाव आहे. तिथे दर ऑगस्टमध्ये जुनी इंजिनं आणि ट्रॅक्टर यांचा मोठा मेळा भरतो. गवतावर ताडपत्र्या पसरलेल्या, त्यांवर कार्बोरेटर, फ्लायव्हील, सीटचे सांगाडे. एखादा कास्ट आयर्नचा तुकडा उचलून तुम्ही "हे कशाचं?" विचारलं की शेजारचे चार जण माना वळवतात. इंजिनाच्या नंबरावरून बोलणं सुरू होतं. माझ्या इंजिनाचा नंबर के-१६१: साधारण १६ घन इंच आणि एक सिलिंडर. के-२४१ म्हणजे २४ घन इंच, तोही एकच. के-४८२ मधला शेवटचा दोन म्हणजे दोन सिलिंडर. हे एकदा कळलं की लांबूनच पाटी वाचता येते, आणि माणसं तुम्हाला आपल्यातलं धरतात.

त्या मेळ्यात मी त्या आजोबांना शोधून काढलं. नाव सांगितलं, तसे ते क्षणभर थांबले आणि खुर्चीखालून एक जाड वही काढली. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे तारीख, यंत्र, लक्षण, त्यांनी काय सुचवलं. उजवीकडे एकच शब्द मथळ्याला: निघालं. माझ्या ओळीत डावीकडे सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. उजवीकडे कोरं.

मी पान मागे उलटलं. कितीतरी ओळी कोऱ्या होत्या.

ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्यानंतर याच लक्षणाचे आणखी दोन फोन आले. तुमचं उत्तर असतं, तर त्यांना मी ठामपणे सांगितलं असतं." मी तिथेच उभी राहून उजव्या रकान्यात लिहिलं: ब्रीदरचं पातं उलट बसवलेलं. फार शरम वाटली मला.

तेव्हापासून या छंदाच्या मदतीकडे मी वेगळ्या नजरेने बघते. लोक उदार आहेत, यात शंका नाही. मूळ पुस्तिकांच्या नकला पोस्टाने येतात. व्हील हॉर्सच्या मागच्या चाकाचा हब एक्सलवरून निघता निघत नाही, आणि हातोडा मारला तर गिअरबॉक्स दुखावतो. त्यासाठी बनवलेला एक जाड पुलर आमच्या ओळखीत घरोघरी फिरतो, ज्याचं काम झालं तो पुढच्याला पाठवतो. पण पुलर परत पाठवायला कुणी विसरत नाही. उत्तर परत पाठवायला मात्र आपण विसरतो. आणि या यंत्रांच्या बाबतीत खरी दुर्मीळ गोष्ट उत्तरच आहे. पिस्टन रिंगा आजही मिळतात.

रंगाविषयी कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच बोलते. मी माझ्या कब कॅडेटला पुन्हा रंग दिलेला नाही. हुडवर मूळ अक्षरं अर्धी का होईना वाचता येतात, ती मला घालवायची नाहीत. पत्रा सडला असेल तर जरूर रंगवा. अर्धवट पोपडे आलेलं यंत्र उघड्यावर ठेवणं ही काही निष्ठा नव्हे. पण आधी खाली काय आहे ते हळूच बघा. १९६९ मध्ये जॉन डिअरने पॅटिओ नावाची मालिका काढली होती: पांढरा ट्रॅक्टर, आणि हुड-सीट लाल, नारिंगी, पिवळं किंवा निळं. ती फारशी खपली नाही, आणि काहींचे हुड पुढे हिरवे रंगवले गेले. माझ्या परिचयातल्या एकाने साध्या हिरव्या हुडवर ओल्या पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा घासली, आणि खाली नारिंगी रंग निघाला. तो हुड त्याने अजून तसाच ठेवलाय, ते नाणं सगळ्यांना दाखवायला.

गेल्या हिवाळ्यात मला एका तरुणीचा फोन आला. आजोबांचा ट्रॅक्टर, पुढे बर्फ ढकलायचं पातं, आणि बरोबर वीस मिनिटांनी इंजिन बंद. थोडं थांबलं की पुन्हा सुरू. मी ऐकलं, तीन प्रश्न विचारले, तीन शक्यता सांगितल्या: गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल, कंडेन्सर, किंवा टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं. भोक बुजलं की टाकीत निर्वात होतो आणि पेट्रोल उतरत नाही. "बंद पडल्याबरोबर झाकण सैल करा," मी सांगितलं, "हवा आत जाताना सुस्कारा ऐकू येतो का बघा. आणि काय निघालं, ते कळवा." माझ्याकडेही आता वही आहे. तिची ओळ जानेवारीपासून तशीच होती. परवा संध्याकाळी फोन वाजला. आवाज मी ओळखला नाही, पण तिने नाव सांगायच्या आधीच एक शब्द उच्चारला. मी पेन शोधून उजवीकडे लिहिलं: झाकण.

चला, बाहेर जाऊ या. तेल मी सकाळीच बघितलंय. ज्यांना बटण दाबायचंय त्यांनी पुढे या, बाकीच्यांनी धुराच्या वाऱ्याकडून जरा बाजूला उभं राहा.