बिनटाक्यांचं पोस्टमार्टेम

[दृश्य: पांढऱ्या पिशवीतला मृतदेह सीटी स्कॅनच्या टेबलावर]

पिशवीची चेन उघडलेली नाही, उघडायची गरजही नाही. टेबल आत सरकतं आणि डोक्यापासून पायापर्यंत शरीराचे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे काप पडद्यावर उमटत जातात. 'श्वास रोखून धरा' असं इथे कुणी सांगत नाही. हालचालच नाही, त्यामुळे चित्र स्वच्छ येतं. किरणांची मात्राही बेलाशक वाढवता येते.

दिल्लीच्या एम्समध्ये मार्च 2021 पासून अशी शवतपासणी होते. पद्धत मूळची स्वित्झर्लंडची. बर्न विद्यापीठात रिचर्ड डिर्नहोफर आणि मायकेल थाली यांच्या गटाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती उभी केली. खरं तर मॉन्ट्रियलमध्ये 1896 सालीच एकाच्या पायात रुतलेल्या गोळीचा एक्स-रे कोर्टात पुरावा म्हणून गेला होता. तो माणूस जिवंत होता. मेलेल्यांच्या अशा संपूर्ण स्कॅनचा नंबर बराच उशिरा लागला.

[दृश्य: मॉनिटर, जवळून]

ही पँटची चेन. ही खिशातली किल्ली. कपडेसुद्धा अंगावरच आहेत.

हाड पांढरं, हवा काळी, धातू सगळ्यात झगझगीत. गोळी कुठे अडकली, वाटेत कोणतं हाड फोडून गेली, ते चित्र हवं तसं फिरवून पाहता येतं.

आता हा काळा पट्टा बघा. फासळ्यांच्या आत, पण फुफ्फुसाच्या बाहेर साचलेली हवा. एरवी छाती उघडली की ती निसटून जाते. पकडायची तर आधीपासून खबरदारी घ्यावी लागते. इथे ती जागच्या जागी सापडते.

आणि हे जिभेच्या मुळाशी असलेलं नालेच्या आकाराचं हाड, हायॉइड. गळा दाबल्याचा संशय असला की डॉक्टर हे बारकाईने पाहतात. सुरीने तिथवर पोचताना ते मोडण्याची भीती असते. स्कॅनमध्ये त्याला हातच लागत नाही.

[दृश्य: संगणकावर फाइल साठवली जाते]

आपल्याकडे बहुतेकदा दहन होतं. मग पहिल्या डॉक्टरचं काही नजरेतून सुटलं असेल, तर दुसऱ्याने बघायचं काय? हा स्कॅन मात्र राहतो. खटला उभा राहील तेव्हा बचाव पक्षाचा डॉक्टरही तो नव्याने तपासू शकतो.

विष सीटीत दिसत नाही. त्यासाठी व्हिसेरा, म्हणजे शरीरातल्या अवयवांचे नमुने, लॅबला पाठवावाच लागतो. हृदयविकारही हुकू शकतो. तेव्हा सुरी लागतेच.

[दृश्य: शवागाराबाहेर नातेवाईक]

'फाडणार का?' डेडहाउसच्या दारात हा प्रश्न ठरलेला. सीटी मशीन तर आता अनेक जिल्हा रुग्णालयांत आहे. दिवसभर जिवंत रुग्णांची रांग असते, हे मान्य. पण जपानमध्ये कितीतरी रुग्णालयांत रुग्णांच्याच मशीनवर मृतदेहांचंही स्कॅनिंग होतं. आपल्याकडे रात्रीचे दोन तास काढायला काय हरकत आहे?