पंचायतीच्या भिंतीवरचा डबा

(नवनिर्वाचित सरपंच आणि सदस्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, उद्या पंचायतीत गेलात की हारतुरे स्वीकारण्याआधी जरा भिंतीकडे बघा. बहुतेक ठिकाणी एक छोटं लोखंडी कपाट ठोकलेलं दिसेल. आत इंटरनेटचा एक डबा, खाली बॅटरी, आणि काही गावांत छतावर सोलरचं पॅनेल. डब्यावर बारीक दिवे आहेत. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर तालुक्याहून फायबरमधून, म्हणजे काचेच्या बारीक तारेतून, येणारा प्रकाश तुमच्यापर्यंत पोचत नाहीये, म्हणजे बहुधा वायर वाटेत कुठेतरी तुटली आहे. एकही दिवा लागलेला नसेल, तर डब्याला वीजच नाही. अशा वेळी प्लगपाशी बघायचं. त्याचा प्लग काढून तिथे टेबलफॅन लावलेला मी कितीतरी ठिकाणी पाहिलाय. उन्हाळ्यात माणूस तरी काय करणार?

हा डबा आला कसा? ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. आपल्याकडे दुसऱ्या टप्प्याचं बरंच काम राज्याने महानेट नावाने केलं. पैसा कुठला? टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के एका निधीत जमा होतात, त्यातला. म्हणजे शेवटी तुमच्या-आमच्या रिचार्जमधला. फुकट कुणी काही दिलेलं नाही, हे एकदा डोक्यात ठेवा.

डिसेंबर २०१७ मध्ये पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती जोडून झाल्याचं जाहीर झालं. जोडल्या म्हणजे काय, तर वायर पोचली आणि डबा लागला. तो डबा पुढच्या महिन्यात किती दिवस चालू होता, हा आकडा गावात कुणी विचारला नाही आणि कुणी सांगितलाही नाही. मेळघाटातलं हरिसाल आठवतंय ना? २०१६ मध्ये ते डिजिटल गाव म्हणून गाजलं, आणि २०१९ च्या निवडणुकीत इथे काहीच चालत नाही हे दाखवायला राज ठाकरेंनी त्याच गावाचे व्हिडिओ सभेत लावले. राजकारण बाजूला ठेवू. पण एका बाजूने 'झालं' आणि दुसऱ्या बाजूने 'काहीच नाही' असं दोघंही म्हणू शकले, कारण रोज काय चालतं याची नोंदच नव्हती.

वायर तुटते कशी, ते सांगतो. पहिल्या टप्प्यात बऱ्याच ठिकाणी बीएसएनएलची जुनी फायबर वापरली आणि तिथून पंचायतीपर्यंत नवा तुकडा टाकला. रचना एकेरी. मध्ये एका जागी तुटलं की पुढची सगळी गावं बंद. आणि तोडायला कारणं थोडी आहेत का? रस्त्याचं रुंदीकरण, मोरीचं काम, आणि २०१९ नंतर जलजीवनच्या पाइपलाइनी. घरोघर पाणी यावं म्हणून जेसीबी लागला आणि त्याने गावाचं इंटरनेट उखडलं, असा प्रकार गावोगाव झाला. जेसीबीवाल्याचाही दोष नाही, त्याला खाली काय आहे ते कुणी सांगितलेलंच नसतं. मग तुटलेली टोकं शोधायची, ती जोडायचं स्प्लायसिंग मशीन घेऊन माणूस यायचा. तो तालुक्यातल्या ज्या ठेकेदाराकडे, त्याचं बिल थकलेलं.

तोवर गावात काय होतं? दाखले देणाऱ्या आपले सरकार सेवा केंद्रातली परिचालक मुलगी स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावते, दीड जीबीचा रोजचा पॅक दुपारपर्यंत संपवते. या केंद्रासाठी पंचायतीच्या निधीतून केंद्र चालवणाऱ्या कंपनीला दरमहा १२,३३१ रुपये जायचे आणि परिचालकाच्या हाती त्यातले साधारण निम्मेच पडायचे, तेही वेळेवर नाही. त्यांची आंदोलनं तुम्ही पेपरात वाचली असतील. भारतनेटचा हजारो कोटींचा आकडा ऐकला की मला पहिली ही मुलगी आठवते.

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर चालतंय ना, मग बिघडलं कुठे? दोन-तीन गोष्टी बघा. वित्त आयोगाच्या निधीचं प्रत्येक देयक ई-ग्रामस्वराज या पोर्टलवरून जातं, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी अशा दोघांच्या डिजिटल सहीने. मार्चअखेरीला सर्व्हर आधीच रडत असतो, त्यात रेंज नाही. (जाता जाता: सहीचा डोंगल, म्हणजे ती पेनड्राइव्हसारखी चावी, स्वतःच्या ताब्यात ठेवा. ताई, हे विशेषतः तुम्हाला सांगतोय. तो 'साहेबांकडे' किंवा घरच्या मंडळींकडे राहिला, की सही तुमची आणि कारभार दुसऱ्याचा.) जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागतो. तीही नोंद ऑनलाइन. रेशनच्या ई-पॉस मशीनला रेंज मिळावी म्हणून टेकाडावर गेलेल्या रांगा नंदुरबार-गडचिरोलीच्या लोकांना सांगायला नकोत.

याउलट शेतातलं पीक नोंदवायचं ॲप, ई-पीक पाहणी, बघा. त्या ॲपमध्ये बाकी शंभर खोट काढता येईल, पण शेतात रेंज नसली तरी फोटो आणि माहिती मोबाइलमध्ये साठते, रेंजमध्ये आल्यावर वर जाते. ज्याने हे ठरवलं त्याने बांधावर उभं राहून विचार केला असणार. बाकीच्या पोर्टलवाल्यांनी मुंबई-पुण्यात एसीत बसून.

ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट मंजूर झालं, १,३९,५७९ कोटींचं. यात रचना गोलाकार आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तर दुसरीकडून प्रकाश येतो. शिवाय उभारणीनंतर दहा वर्षं देखभाल त्याच कंत्राटदाराकडे. कागदावर हे आधीपेक्षा नक्कीच शहाणपणाचं आहे. पण देखभाल झाली की नाही हे दिल्लीतल्या स्क्रीनवर दिसणार, तुमच्या दप्तरात नाही. म्हणून एक साधी वही घाला: कोणत्या तारखेला लाल दिवा लागला, तक्रार कधी केली, क्रमांक काय मिळाला, कधी सुरू झालं. ग्रामसभेत नमुना आठ (घरपट्टी आकारणीची नोंद) आणि करवसुलीबरोबर ती वही वाचून दाखवा आणि ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवा. ठेकेदाराचं बिल अडवायची ताकद तुमच्यात नाही, पण तारीखवार ठराव फाइलला लागला की तो बाजूला सारणं अवघड जातं.

आणि एक अधिकार तुमच्याकडे आजही आहे. पंचायतीच्या रस्त्यावर खोदायचं तर ना-हरकत दाखला तुमच्या सहीने जातो. त्यात एक ओळ घाला, की खोदाईआधी फायबरचा मार्ग संबंधित यंत्रणेकडून आखून घ्यावा आणि वायर तुटल्यास दुरुस्तीचा खर्च खोदणाऱ्याने द्यावा. मसुदा मी आणलाय, चहाच्या टेबलावर प्रती ठेवल्यात, जाताना घेऊन जा.