लाकडाला वेळ द्यावा लागतो

मित्रहो, हाताने घडवलेला क्यू, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या ‘पूल’ या खेळाची काठी, समोर ठेवला की बघणाऱ्याची नजर आधी मागच्या भागावर, म्हणजे बटावर जाते. साहजिक आहे. काळंभोर अबनूस, शिसवी, त्यात बसवलेली टोकदार नक्षी, मुठीवर गुंडाळलेला लिननचा दोरा. मी मात्र आधी शाफ्ट, म्हणजे पुढचा भाग, काढून हातात घेतो. मेपलचा तो साधा, निमुळता दांडा. कारागिराचा कस तिथे लागतो.

झाड वाढताना लाकडात ताण साठत जातात. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, वरचा थर उतरवला की आतला तोल बिघडतो आणि दांडा किंचित वाकतो. घाईघाईने एकदम १३ मिलिमीटरपर्यंत उतरवलेला शाफ्ट आज सरळ दिसेल, हवा दमट झाली की तोंड फिरवेल. म्हणून एक पातळ थर काढायचा, शाफ्ट उभा टांगून ठेवायचा, काही आठवड्यांनी पुन्हा लेथवर चढवायचा. असं कित्येक महिने चालतं. मधे कधीही तो वाकला, तर बाजूला काढायचा. जोर लावून सरळ करायचा मोह होतो, मलाही झाला आहे. पण तसा सरळ केलेला शाफ्ट बहुधा पुन्हा मूळ वळणावर जातो.

बटावरच्या नक्षीलाही मी कमी लेखत नाही. मेपलमध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचा पाडून त्यांत गडद लाकूड बसवतात आणि मग सगळं गोल उतरवतात. केंद्र जरा जरी सरकलं तरी एक टोक लांब, दुसरं आखूड होतं. चारही टोकं एका रेषेत संपली, की माप नीट धरलं होतं हे कळतं.

इथे जॉर्ज बालाबुष्का यांची आठवण काढायलाच हवी. १९१२ साली रशियात जन्म, १९२४ मध्ये अमेरिकेत स्थलांतर, १९५९ पासून क्यू बनवायला सुरुवात, १९७५ मध्ये निधन. त्यांच्या क्यूंचा आजही दबदबा आहे. पण बटाचा जोडकामाचा मूळ तुकडा ते बरेचदा तयार घेत. आधी ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट क्यूंमधून, पुढे बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी या कारागिरांकडून. लाकूड पारखणं, जुळवणी, तोल आणि शेवटचा हात यांवर त्यांनी नाव कमावलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता खेळाकडे येतो. टिप, म्हणजे क्यूच्या टोकावरची चकती, आणि पांढरा चेंडू यांचा स्पर्श साधारण एका सेकंदाचा हजारावा भाग टिकतो. हाताला तो जाणवेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. मग क्यूच्या ‘हिट’चं, म्हणजे फटक्याच्या वेळी हाताला येणाऱ्या जाणिवेचं, एवढं कौतुक कशाला? कारण हाताला मिळालेल्या त्या उत्तरावरूनच पुढच्या फटक्याचा जोर ठरतो. तेच उत्तर प्रत्येक वेळी मिळायला हवं.

चेंडूच्या मध्याच्या डावी-उजवीकडे मारलं की तो नेमाच्या रेषेतून उलट बाजूला थोडा सरकतो. हे सरकणं मुख्यतः शाफ्टच्या पुढच्या काही इंचांच्या वजनावर अवलंबून असतं. टोक हलकं, तर सरकणं कमी. म्हणून फेरूल, म्हणजे टिपच्या मागची छोटी नळी, कशाचं आणि किती लांबीचं, हा प्रश्न शोभेचा नाही.

बट आणि शाफ्ट जोडणारा जॉइंट पोलादी चांगला की लाकडाला लाकूड भिडणारा, यावर खेळाडू हिरिरीने भांडतात. आवाज आणि हाताला येणारा झणका बदलतो, हे खरं. पण माझ्या मते दोन्ही तोंडं फट न राहता बसणं जास्त महत्त्वाचं.

वजन साधारण १८ ते २१ औंस असतं. ते मागे बोल्ट टाकून वाढवता येतं, पण लाकडाच्या निवडीतूनच ते जमवलं की तोल हवा तिथे राखता येतो. त्यासाठी खेळाडूला खेळताना पाहावं लागतं. मागचा हात तो कुठे धरतो, हे नुसतं विचारून कळत नाही.

मी दोन शाफ्ट आणले आहेत. एक पूर्ण झालेला, दुसरा अगदी शेवटच्या थराला वाकलेला. दोन्ही टेबलावर लोळवून बघा. वाकलेला आधी घ्या.