चार दिवसांचे पाहुणे

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी उलटून पहाटे गारवा पडू लागला की माझं चित्त लोणावळ्याच्या पठारांकडे लागतं. नोव्हेंबरच्या शेवटी, कधी डिसेंबर उजाडल्यावर, तिथल्या वाळल्या गवतावर अमूर ससाणे उतरतात. उतरले तर थोडे दिवस मुक्काम, आणि एखाद्या वर्षी नुसतीच वाट पाहायची.

मला पहिला अमूर ससाणा दिसला तो विजेच्या तारेवर. पारव्याएवढा, पाटीसारखा करडा, मांड्या तांबूस, डोळ्यांभोवती आणि पायांना नारिंगी रंग. तो उडाला तेव्हा पंखांखालचा पांढरा भाग लख्ख चमकला. प्रौढ नराची खूण तीच. मादी पोटाकडून फिकट, त्यावर काळ्या रेघा आणि ठिपके. आपली नेहमीची खरुची, म्हणजे इथला छोटा ससाणा, तीही अशीच हवेत एका जागी फडफडत थांबते, म्हणून गफलत होते. पण खरुचीची पाठ विटकरी असते, तेवढी पाहून घ्यावी. त्या दिवशी त्या नरानं चतुर हवेतच पकडले आणि पायातला घास उडता उडताच खाल्ला. मी दुर्बीण खाली ठेवलीच नाही.

वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. विणीचा हंगाम रशियाच्या अतिपूर्वेला आणि ईशान्य चीनमध्ये, आणि आपल्याकडे हिवाळा असतो तेव्हा हे आफ्रिकेच्या दक्षिण भागात. जाऊन-येऊन वर्षाला २०-२२ हजार किलोमीटर! वाटेत अरबी समुद्र. तिथं टेकायला फांदी नाही, तार नाही. दिवसरात्र उडत राहायचं. ईशान्येचा वारा पाठीशी असतो. याच दिवसांत, याच वाऱ्यावर चतुरांचे थवेही आफ्रिकेकडे निघतात, आणि समुद्रावर तीच ससाण्यांची शिदोरी होत असावी, असं अभ्यासक मानतात. पठारावर चतुर टिपणारा ससाणा पाहिला की मला हे आठवतं. तो पुढच्या प्रवासाची पोटात बेगमी करत असतो.

पण आपल्याकडे येण्याआधी हे पक्षी नागालँडमध्ये थांबतात. वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाच्या जलाशयाकाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते लाखोंनी जमतात आणि उडत्या वाळवीवर ताव मारतात. २०१२च्या ऑक्टोबरात बानो हरालू, शशांक दळवी, रामकी श्रीनिवासन आणि रोकोहेबी कुओत्सू हे वन्यजीव-रक्षणाचं काम करणारे चौघे तिथं पोचले, तेव्हा झाडांमध्ये मासेमारीची जाळी ताणलेली होती. संध्याकाळी विसाव्याला येणारे ससाणे त्यांत अडकायचे आणि मांसासाठी विकले जायचे. त्या एका हंगामात लाखाहून जास्त पक्षी मारले गेले असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

गावकऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. धरणाच्या पाण्यात त्यांच्या जमिनी गेल्या होत्या आणि हाती जाळी उरली होती. म्हणूनच पुढच्या वर्षी जे घडलं ते मला फार मोठं वाटतं. पांगती आणि आसपासच्या गावांच्या ग्रामसभांनी शिकार बंद केली, चर्चमधूनही तेच सांगितलं गेलं, आणि २०१३मध्ये दोयांगला जाळी लागली नाहीत. त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमचे उपग्रह-ट्रान्समीटर बसवले. त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती. भारत ओलांडून, समुद्र ओलांडून ते आफ्रिकेत उतरले. नागा आणि पांगती पुढच्या वर्षी पुन्हा दोयांगला आले.

श्रोतेहो, तुम्हाला कुठं अमूर ससाणे दिसले, तर तारीख, जागा, किती होते, वारा कुठून होता, एवढं वहीत टिपून ठेवा. आणि कळकळीची विनंती, फोटोसाठी गाडी गवतात घालू नका. गेल्या हंगामात एका थव्यामागं तीन गाड्या धावताना मी पाहिल्या. पक्षी उठायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. समुद्रासाठी साठवलेली ताकद तिथंच खर्च होत होती. रस्त्यावरच थांबा, गाडीचं इंजिन बंद करा. थोड्या वेळानं ते आपण होऊन जवळच्या तारेवर येतात.

थवा निघून गेल्यावरही मी एकदा तिथं जाऊन येतो. तारा रिकाम्या असतात, पठारावर खरुची तेवढी फडफडत असते. वारा ईशान्येचाच असतो. तो अंगावर घेत मी पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेनं बराच वेळ पाहत उभा राहतो.

नमस्कार.