एकच घड्याळ आणि त्याच्याशी भांडणारे

मित्रहो, विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'आधुनिकता आणि आधुनिकतावाद: तत्त्वज्ञान व साहित्य' असं भारदस्त शीर्षक छापलंय. ते आयोजकांचं आहे. मला खरं म्हणजे घड्याळाबद्दल बोलायचंय. पण नुसतं 'घड्याळ' छापलं असतं तर तुम्ही आला नसतात, हेही खरं.

आधी माझी जुनी तक्रार ऐकून घ्या. कवितेत विजेचा खांब दिसला, ट्राम धावली, गिरणीचा भोंगा वाजला, की आपले समीक्षक खाली शिक्का मारतात: आधुनिकतावादी. एका चर्चासत्रात मी असे तीन निबंध लागोपाठ ऐकले, तेही जेवणाआधी. या न्यायाने रेल्वेचं वेळापत्रक हा आधुनिकतावादाचा महाग्रंथ ठरायला हवा! बरं, दुसरी मंडळी याच्या उलट टोकाला. त्यांच्या मते आधुनिकतावाद म्हणजे आधुनिकतेला विरोध. मग निसर्गाकडे परत चला म्हणणारे रोमँटिक कवी काय करत होते? विरोधच ना? तेव्हा नुसत्या विरोधाने भागत नाही.

आता आधुनिकता. तिची सर्वांत प्रसिद्ध व्याख्या एका तळटीपेमुळे जन्माला आली, हे मला फार आवडतं. 1783 च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका मासिकात झोल्नर नावाच्या धर्मोपदेशकाने विवाहविधीवर लेख लिहिला आणि तळटीपेत वैतागून विचारलं, की प्रबोधन प्रबोधन म्हणता, म्हणजे युरोपातली ती बुद्धिवादी जागृती, जिच्यावर आधुनिकता उभी आहे, ते आहे तरी काय? उत्तर देणाऱ्यांत जर्मन तत्त्वज्ञ कांट होता. त्याचा लेख 1784 चा. माझ्याऐवजी पुस्तक विचार करतं, धर्मगुरू सदसद्विवेक सांभाळतो, वैद्य पथ्य ठरवतो, मग मी कशाला त्रास घेऊ, ही जी सोय आहे ती सोडा आणि स्वतःची बुद्धी वापरण्याचं धाडस करा, असं तो म्हणाला. (तळटीपा वाचत जा, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो ते उगाच नाही.)

पण या धाडसामागे एक गृहीत आहे. प्रत्येकाने स्वतःची बुद्धी वापरली, तर सगळे एकाच ठिकाणी पोचतील. बुद्धी माझी असली तरी माप सगळ्यांचं एक. आणि हे एक माप पुढे रस्त्यावर आलं ते घड्याळाच्या रूपात.

1884 साली वॉशिंग्टनला परिषद भरली. जगाची रेखांशं ग्रिनिचपासून मोजायची असं ठरलं. फ्रान्सने मतच दिलं नाही. पॅरिसला स्वतःची वेधशाळा, स्वतःचं मध्यान्ह, आणि लंडनच्या उपनगराकडून वेळ विचारायची? अब्रूचा प्रश्न! तिकडे फ्रेंच रेल्वेची आणखी निराळीच तऱ्हा. स्टेशनच्या बाहेरचं घड्याळ पॅरिसची वेळ दाखवायचं, आणि आत फलाटावरचं मुद्दाम पाच मिनिटं मागे ठेवलेलं, म्हणजे धावतपळत आलेल्या प्रवाशाला गाडी मिळावी. विवेकवादाच्या माहेरघरात दरवाजा ओलांडला की माणूस पाच मिनिटांनी तरुण व्हायचा. शेवटी 1911 च्या मार्चमध्ये फ्रान्सने कायदा केला. पण कसा? फ्रान्सची अधिकृत वेळ म्हणजे पॅरिसची सरासरी वेळ, नऊ मिनिटं एकवीस सेकंद मागे घेतलेली. ही वेळ सेकंदासकट ग्रिनिचचीच, फक्त कायद्यात ग्रिनिचचं नाव नाही. हसताय, पण मला यात आधुनिकतेचं सगळं चरित्र दिसतं. तिला शरण जाताना प्रत्येकाला आपण स्वतःच्याच बुद्धीने चाललो आहोत, असं वाटायला हवं असतं.

आता आधुनिकतावादाकडे येऊ. आयरिश लेखक जॉइसची 'युलिसिस' ही कादंबरी 1922 ची, तिच्यातला दिवस 16 जून 1904, शहर डब्लिन. त्या काळी डब्लिनचं घड्याळ ग्रिनिचच्या पंचवीस मिनिटं मागे असे. तिथल्या डन्सिंक वेधशाळेची वेळ. कादंबरीचा नायक ब्लूम दुपारी रस्त्याने चालला आहे. बंदराच्या कचेरीवर एक गोळा असे, ठरल्या वेळी खाली पडून वेळ दाखवणारा; तो खाली आलेला त्याला दिसतो. एक वाजून गेला, तो मनाशी म्हणतो, डन्सिंकची वेळ. पुढे दुसऱ्याच विचारात असताना त्याला मध्येच आठवतं, की अरे, गोळा तर ग्रिनिचच्या वेळेने पडतो, डन्सिंकवर चालतं ते घड्याळ! एकाच इमारतीवर दोन वेळा, आणि ब्लूमच्या डोक्यात त्याच वेळी बायको, भूक आणि खगोलशास्त्र. जॉइस घड्याळाला शिव्या देत नाही. तो दाखवतो, की बाहेर कितीही नेमकी वेळ पडली तरी ती डोक्यात शिरेपर्यंत तिचं काय होतं. आणि ते दाखवायचं म्हणून त्याला वाक्यच मोडावं लागतं. माझ्या लेखी नुसता आधुनिक विषय आणि आधुनिकतावाद यांतला फरक हा इथे आहे. कवितेत आगगाडी आली का, हे बघू नका. आगगाडीमुळे ओळीची चाल बदलली का, ते बघा.

काफ्का तर याहून मजेदार. 1915 च्या त्याच्या 'मेटामॉर्फॉसिस' या कथेत ग्रेगोर झामझा सकाळी उठतो तो किडा होऊनच. पाय वळवळतायत, पाठ कवचासारखी टणक. आणि याला चिंता कसली? गजर चारचा लावला होता, वाजले साडेसहा, पाचची गाडी चुकली, पुढची सातला, आणि कंपनीच्या शिपायाने मी गाडीत नसल्याचं एव्हाना कळवलं असणार! शरीर गेलं तरी वेळापत्रक जात नाही. इतकं भेसूर आणि इतकं विनोदी एका दमात मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

हाच काफ्का प्रागला कामगार अपघात विमा संस्थेत 1908 पासून नोकरीला होता. त्याने लाकूड रंधणाऱ्या यंत्रांवर अहवाल लिहिलाय, आकृत्यांसकट. चौकोनी दांडा असला तर बोटं कशी छाटली जातात, गोल दांडा का बसवावा. शुद्ध कांट! बुद्धी वापरा, बोटं वाचवा. दिवसा हा अहवाल आणि रात्री किडा, माणूस एकच. कवी इलियटचंही तेच. 'वेस्ट लँड' ही कविता लिहिली तेव्हा तो लंडनच्या लॉइड्स बँकेत कामाला होता, आणि कवितेत सकाळच्या गर्दीवर चर्चच्या घंटेचे नऊ ठोके पडतात, शेवटचा ठोका अगदी मेलेला. खाली टीप जोडलीय, की हा प्रकार माझ्या बऱ्याचदा लक्षात आलाय. येणारच. रोज सकाळी बँक गाठायची ना.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं. म्हणजे तत्त्वज्ञान, जे शीर्षकात आधी आहे, ते आता गाडी पकडायला निघालेल्या माणसासारखं सांगावं लागणार. मर्ढेकर तर राहिलेच. चला.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1637 मध्ये लिहिलं, की हळूहळू वाढलेल्या जुन्या शहरांपेक्षा एकाच अभियंत्याने मोकळ्या मैदानात आखलेलं शहर देखणं असतं. ज्ञानाचंही तसंच करू, पायापासून. कांट म्हणाला, पण आखणारी बुद्धी स्वतः कुठवर पोचते तेही तपासू. ही तपासणी आधुनिकतेच्या पोटातली आहे. पुढे जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने 1873 च्या एका निबंधात तीच तपासणी इतकी ताणली, की सत्य म्हणजे वापरून झिजलेली रूपकं असं म्हणून मोकळा झाला. हत्यार तेच, स्वतःची बुद्धी. फक्त माप सगळ्यांचं एक, हे गृहीत गळून पडलं. तत्त्वज्ञानातला आधुनिकतावाद मी इथून धरतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँने 1889 मध्ये घड्याळालाच हात घातला. त्याचं म्हणणं, काटा इथून तिथे गेला हे तुम्ही मोजता, ती जागा झाली. काळ म्हणजे मागचा क्षण पुढच्यात मिसळत जाणं, तो मोजणीत सापडत नाही. लक्षात घ्या, तो घड्याळ फेकून द्या म्हणत नाही. गाडी त्यानेच पकडायची आहे. घड्याळ जे मोजत नाही त्याला काळ म्हणा, एवढंच. म्हणून मी आधुनिकतावादाला विरोध म्हणत नाही. ही घरात राहून घातलेली हुज्जत आहे.

जर्मन तत्त्वज्ञ हाबरमासने 1980 च्या एका व्याख्यानात आधुनिकतेला अपुरा राहिलेला प्रकल्प म्हटलं. विज्ञान, नीती आणि कला तज्ज्ञांच्या तीन खोल्यांत गेल्या, रोजच्या जगण्यापासून तुटल्या, आणि कलेने एकटीने भिंत पाडायला जाऊन काही साधलं नाही, असा त्याचा रोख. निदान अर्धा मला मान्य आहे. पण काफ्काचा अहवाल विमाशास्त्राच्या कपाटात आणि कथा साहित्याच्या कपाटात ठेवली ती आपण, वाचणाऱ्यांनी. त्याच्या टेबलावर ती एकत्रच होती, आणि मी एकदा दोन्ही एका बैठकीत वाचून पाहिलं. अहवालातली ती छाटलेल्या बोटांची चित्रं पाहिल्यावर ग्रेगोरचे पाय निराळे दिसायला लागतात.

दुसरी चिठ्ठी आली. यात आकडा नाही, नुसतं उद्गारचिन्ह आहे. एखाद-दुसरा प्रश्न घेतो. मर्ढेकरांवरचा मात्र विचारू नका, त्यासाठी पुन्हा बोलवा.