सर, पीसी कधीपण हँग होतो

(इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांसमोर त्यांच्या वसतिगृहात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

माझ्या पीसी दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. 'सर, पीसी कधीपण हँग होतो.' मी विचारतो, कधीपण म्हणजे कधी? तर उत्तर येतं, 'कधीपण म्हणजे कधीपण!' एवढ्या माहितीवर मी काय डोंबल शोधणार? म्हणून मी मशीन ठेवून घेत नाही, आधी गृहपाठ देतो. आठवडाभर वहीत लिहा. किती वाजता अडकला, कोणता गेम होता, आवाज चालू होता का, माउस हलत होता का. पोरं हसतात. पण वही भरून आणणाऱ्याचं काम पटकन होतं, हा माझा अनुभव.

आता मला सांगा, हँग झाल्या झाल्या तुम्ही काय करता? पॉवरचं बटण दाबून धरता. नका धरू. एक मिनिट दम धरा. आधी कॅप्स लॉक दाबा आणि कीबोर्डवरचा त्याचा दिवा बघा. लागतोय-विझतोय? मग विंडोज आतून जिवंत आहे, अडकलंय ते दुसरंच काहीतरी. आता विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. बीप वाजतो, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो. त्याने चित्र परत आलं, तर संशय कार्डावर नाहीतर त्याच्या ड्रायव्हरवर. पण दिवा ढिम्म हलत नाही, हेडफोनमध्ये शेवटचा आवाज ट्र्र्र्र करत तसाच अडकलाय, तर अख्खं मशीनच गोठलंय. तेव्हा रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड यांच्याकडे आधी बघायचं, कार्डाला तिथेही सोडायचं नाही.

तिसरा प्रकार गमतीचा. माउस हलतो, पण कशावर क्लिक केलं तरी काही उघडत नाही. अर्ध्या मिनिटाने सगळं एकदम उघडतं, वैतागून केलेल्या वीस क्लिकांसकट. हा डिस्कचा घोळ.

अशीच एक केस सांगतो. एका मुलाचा पीसी दोन ठिकाणी फिरून माझ्याकडे आला. दोनदा फॉर्मॅट मारून झालेला, रॅम खोडरबरने घासून झालेली. (त्या रबराने गुण येतो कधी कधी, पण बहुतेकदा रॅम काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. वर रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच.) माझ्या टेबलावर दोन दिवस गेम चालवला. मशीन एकदाही अडकलं नाही. घरी नेलं आणि रात्री फोन, 'सर, झाला हँग.' पुन्हा आणलं, पुन्हा ठणठणीत. मुलाच्या वडिलांना वाटायला लागलं की मीच काहीतरी लपवतोय.

मग मी त्याचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची रोजनिशी, उघडला. तिथे लाल रंगात 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं, आणि बरेच कारागीर ते बघून एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलायला सांगतात. अहो, ती नोंद एवढंच म्हणते की मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं. तुम्हीच बटण दाबून धरलंत, म्हणून ती आली! एसएमपीएस कमी पडला तर मशीन बहुधा फट्कन बंद होतं, नाहीतर रीस्टार्ट मारतं. मी त्या लाल नोंदीच्या जरा आधीच्या पिवळ्या नोंदी बघितल्या. 'स्टोरएएचसीआय', क्रमांक १२९, 'रीसेट टू डिव्हाइस'. म्हणजे विंडोज डिस्कला हाक मारतंय, ती ओ देत नाही, शेवटी विंडोज तिला रीसेट करतंय. त्या मुलाची विंडोज आणि गेम एकाच साटा एसएसडीवर, म्हणजे केबलने मदरबोर्डला जोडलेल्या डिस्कवर, होते.

मग स्मार्टची माहिती काढली, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. तिथे 'यूडीएमए सीआरसी एरर काउंट' नावाचा आकडा असतो. डिस्क आणि मदरबोर्डामधल्या वाटेत डेटा बिघडला की तो वाढतो, आणि चढला की पुन्हा खाली येत नाही. त्यामुळे आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतोय का, हे बघायचं. त्याचा वाढत होता, पण घरीच. माझ्याकडे नाही.

का, ते नंतर सांगतो. आधी रॅम. खोक्यावर वेग ३२०० लिहिलाय म्हणून बायोसमध्ये (मशीन चालू होताना आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) एक्सएमपी, म्हणजे रॅम त्या वेगाने पळवणारी सेटिंग, चालू करता ना? तो खरं तर ओव्हरक्लॉक आहे, म्हणजे नेहमीच्या वेगापेक्षा जास्त पळवणं, प्रत्येक बोर्डाला झेपेलच असं नाही. विशेषतः रॅमच्या चार कांड्या लावल्या असतील तर. एक्सएमपी बंद करून दोन-तीन दिवस खेळा. रात्री मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून झोपा. सकाळी एकही एरर दिसली तरी ती रॅम, निदान त्या वेगाला, नापास.

आणि दर वेळी चूक तुमचीच असते असं नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते म्हणून अनेकांनी एएमडीच्या रायझेन प्रोसेसरच्या मशीनवर बायोसमधून एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधलंच टीपीएम, चालू केलं, आणि काहींचं मशीन मधूनच अडखळायला लागलं. मार्च २०२२ मध्ये एएमडीने स्वतः मान्य केलं की एफटीपीएम मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी देवाणघेवाण करताना हे होऊ शकतं. उपाय होता नवा बायोस. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांचं दुखणं त्याहून वाईट. प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून घ्यायचा आणि हळूहळू कायमचा बिघडायचा. गेम मात्र बंद पडताना म्हणायचा, 'व्हिडिओ मेमरी संपली'! लोक चांगल्या कार्डावर संशय घेत बसले. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचं अपडेट, आला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच बिघडलेला प्रोसेसर त्या अपडेटने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

हं, तर तो मुलगा. शेवटी मी त्याच्या घरी गेलो. टेबल बघितलं, विजेचा बोर्ड बघितला, वायरिंग बघितलं. काही नाही. मग कॅबिनेटचं मागच्या बाजूचं झाकण काढलं. एसएसडी मदरबोर्डच्या पाठीमागे बसवलेली, आणि साट्याची सरळ तोंडाची केबल तिच्यातून बाहेर आलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला, बरोबर त्या जागी, नखाएवढा घासल्याचा चट्टा. माझ्या टेबलावर दोन्ही झाकणं उघडी असायची. घरी ती लागली की केबल दाबली जायची.

काटकोनी तोंडाची केबल लावली, झाकण बसवलं आणि आकडा वहीत लिहून ठेवायला सांगितलं. महिन्याने त्याचा मेसेज आला, आकडा तोच आहे. खाली आणखी एक ओळ होती : 'सर, आता फक्त गेम हरल्यावर काय सांगायचं ते सुचत नाही.'