करवंटीतले दहा गुंठे

(दृश्य : देवळामागे पडलेला करवंट्यांचा ढीग)

पुण्यात कुठल्याही मोठ्या देवळामागे हा ढीग दिसतो. पूर्वी घरोघरी बंब पेटायचे तेव्हा करवंटीला मागणी होती. आता बंबच राहिले नाहीत. पण हीच करवंटी हवा न लागू देता भाजली आणि त्या कोळशावरून ९०० अंशांच्या आसपास तापलेली वाफ सोडली, की तयार होतो ॲक्टिव्हेटेड कार्बन.

वाफ कोळशाला आतून कोरते. कार्बनचा काही भाग वायू होऊन निघून जातो आणि मागे छिद्रं उरतात, बहुतेक २ नॅनोमीटरपेक्षाही अरुंद. त्या सगळ्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर १ ग्रॅम कोळशाची जागा भरते सुमारे १,००० चौरस मीटर. आपल्या हिशेबात दहा गुंठे! दोन लहान चमचे पूड घेतली, की एकर झाला.

(दृश्य : काचेच्या पात्रात निळं पाणी)

हे मिथिलीन ब्लू या रंगाचं पाणी. त्यात ही काळी पूड टाकली, अर्धा तास ढवळलं, आता गाळणकागदातून गाळतोय. थेंब पाहा. निळेपणाचा मागमूस नाही. स्पंज पाणी पोटात घेतो, तसं इथे झालेलं नाही. रंगाचे रेणू भिंतींना चिकटून बसले. याला अधिशोषण म्हणतात. सेंट पीटर्सबर्गच्या तोबियास लोविट्सने कोळशाचा हा गुण १७८५ मध्येच टिपला होता. फिनॉल, बेंझिन, अनेक कीटकनाशकं अशा सेंद्रिय द्रव्यांना पाण्यापेक्षा कोळशाची भिंत जवळची वाटते.

शिशाचं तसं नाही. शिशाला पाण्यात रंग नाही, वास नाही, आणि विद्युतभारित आयन असल्यामुळे ते पाण्यात सुखाने राहतं. साधा कोळसा त्याला फारसा धरत नाही. म्हणून कोळशावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करतात. भिंतींवर ऑक्सिजनचे गट तयार होतात आणि तेच शिसं, कॅडमियम पकडतात. पाणी फार आम्लधर्मी असेल, तर मात्र हायड्रोजनचे आयन त्या जागा आधीच बळकावतात. सहासंयुजी क्रोमियमची, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाची, गोष्ट नेमकी उलटी : ते आम्लधर्मी पाण्यातच चांगलं अडकतं. पाऱ्यासाठी कोळशाला गंधक लावावं लागतं. एकच फिल्टर सगळं काढतो असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.

(दृश्य : भोसरी, प्लेटिंगचा म्हणजे धातूचा मुलामा देण्याचा कारखाना)

क्रोमच्या टाकीतून जॉब, म्हणजे मुलामा दिलेली वस्तू, वर येतो, धुण्याच्या टाकीत बुचकळला जातो आणि पाणी पिवळं होत जातं. तो पिवळेपणा सहासंयुजी क्रोमियमचा, कर्करोगाला कारण ठरणारा. हे पाणी थेट कोळशावर सोडणं म्हणजे पैसे वाया घालवणं. जागा बघता बघता भरते. आधी रसायन घालून क्रोमियमचं रूप बदलायचं, मग चुना टाकून गाळ खाली बसवायचा, आणि जे उरेल ते कोळशाकडे द्यायचं. कारण इथून सुटलेलं पाणी पवनेतून मुळेत, मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत जातं. उजनीचं पाणी सोलापूरकर पितात. अशा धातूंपैकी शिशाचंच घ्या : पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे १०० लिटरच्या पिंपात १ मिलिग्रॅम, तेवढंच. मला ही मर्यादा जाचक वाटत नाही. लहान मुलांच्या मेंदूचा प्रश्न आहे.

भरलेल्या कोळशाचं काय? सेंद्रिय द्रव्यं चिकटली असतील, तर भट्टीत पुन्हा तापवून तो वापरता येतो. धातू तापवून जात नाहीत. असा कोळसा घातक कचरा म्हणूनच रांजणगावसारख्या प्रक्रिया केंद्रात गेला पाहिजे, ओढ्याकाठी नव्हे.

(दृश्य : स्वयंपाकघर, ओट्यावरचा फिल्टर)

हा आमच्या घरचा फिल्टर. मागच्या वर्षी त्यातली कार्बनची कांडी उघडली, तर बुळबुळीत लागली, कुबट वास आला. दोन वर्षं बदललीच नव्हती. कोळसा पाण्यातलं क्लोरीन आधी काढून टाकतो, मग जंतूंना आत अडवणारं कुणी उरत नाही. आई रोज त्यातूनच हंडा भरत होती.

आता नव्या कांडीवर मार्करने तारीख लिहिली आहे. अक्षर आईचं.